वाटप किती, वसुली किती?

गेल्या दिवाळीत सांगलीला थोरल्या बंधूंच्या घरी गेलो होतो. त्यांची हळदीची पेढी तीन पिढ्यांची. अलीकडे थोडा माल परस्पर दुबईला जाऊ लागल्यामुळे इंग्रजी पत्रव्यवहार वाढला आणि तो धाकट्या सुनेकडे आला. ती बी.कॉम. आहे, ई-मेल नेटकी लिहिते. फोनवर मात्र अडखळते. म्हणून तिने साठ दिवसांत अस्खलित इंग्रजीची हमी देणारा एक ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला होता. शुल्क २८ हजार रुपये. चाळीस तासांच्या चित्रफिती पाहून झाल्या, प्रत्येक चाचणीपुढे हिरवी खूण उमटली, प्रमाणपत्रही हाती आले. त्यानंतर दुबईहून फोन आला, तेव्हा तिने तो निमूटपणे सासऱ्यांच्या हाती दिला.

“काका, दोष अभ्यासक्रमाचा नाही, माझेच डोके चालत नाही,” असे ती मला म्हणाली.

हे वाक्य मनात घर करून राहिले. बँकेत असताना शाखा-तपासणीला गेलो की तेथील व्यवस्थापक कर्जवाटपाचे आकडे मोठ्या उत्साहाने पुढे करीत. मी वसुलीची नोंदवही मागत असे. ऑनलाइन शिक्षणाच्या जाहिरातींत ‘इतके लाख विद्यार्थी’ असे छापलेले असते, ते वाटपाचे आकडे होत. वसुलीचे काय, हे पाहावे म्हणून या विषयावरील संशोधन वाचावयास घेतले.

हार्वर्ड विद्यापीठ व एमआयटी या अमेरिकेतील दोन नामांकित संस्थांनी २०१२ मध्ये आपले अभ्यासक्रम जगासाठी ऑनलाइन खुले केले. त्याच दोन संस्थांच्या २०१२ ते २०१८ या काळातील नोंदींचा ताळेबंद जस्टिन राइश व त्यांच्या सहकाऱ्याने २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडला. एकंदर नोंदण्या सव्वा कोटीहून अधिक, शिकणारे सुमारे ५६ लाख. त्यांपैकी निम्म्याहून अधिक नोंदण्या अशा की नाव घालणाऱ्याने पुढे एकदाही अभ्यासक्रम उघडून पाहिला नाही! २०१७-१८ या वर्षी अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण होते ३.१३ टक्के. एवढ्या वसुलीवर कोणत्या बँकेचे दार उघडे राहिले असते?

मात्र त्याच ताळेबंदात आणखी एक आकडा आहे. प्रमाणपत्रासाठी शुल्क भरणाऱ्यांपैकी ४६ टक्क्यांनी अभ्यासक्रम पुरा केला. कर्जदाराने स्वतःची मार्जिन रक्कम घातली की त्याचे लक्ष धंद्यात राहते, हे आम्ही बँकवाले जाणतोच. तरीही पैसे भरल्यामुळे चिकाटी येते, असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही. मुळात चिकाटी असणारेच पैसे भरत असतील. आमच्या सुनेने तर पैसेही भरले आणि अभ्यासक्रमही पूर्ण केला. वसुली शंभर टक्के, तरी फोन सासऱ्यांच्याच हाती!

तेव्हा खरा प्रश्न पुढचा आहे. पूर्ण झाले म्हणजे नेमके काय झाले? केंब्रिजच्या परीक्षा-मंडळाने भाषेच्या प्रत्येक पायरीला शिक्षकाच्या मार्गदर्शनाखालील अध्ययनाचे किती तास लागतात, याचा अंदाज दिला आहे. युरोपीय मोजपट्टीवर ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्या आहेत. बी-१ पर्यंत, म्हणजे ओळखीच्या विषयांवर निभावून नेण्याइतपत, ३५० ते ४०० तास. बी-२ पर्यंत, म्हणजे बऱ्यापैकी सहज संवादापर्यंत, ५०० ते ६००. एका पायरीसाठी ढोबळमानाने दोनशे तास धरावेत. आमच्या सुनेचे तास चाळीस. आणि त्या चाळीस तासांत ती स्वतः किती वेळ बोलली, असे मी विचारले. जरा आठवून ती म्हणाली, “बोलायचे नव्हतेच त्यात, काका. ऐकायचे आणि उत्तरावर बोट ठेवायचे.”

येथे मला डुओलिंगो या लोकप्रिय अ‍ॅपविषयीचा एक अहवाल आठवतो. २०१२ मध्ये वेसेलिनोव व ग्रेगो या दोन संशोधकांनी असा निष्कर्ष काढला की, या अ‍ॅपवरील सरासरी ३४ तास हे महाविद्यालयातील स्पॅनिशच्या पहिल्या सत्राच्या बरोबरीचे आहेत. आकडा आकर्षक आहे आणि पुष्कळदा उद्धृतही होतो. पण अभ्यासाचा खर्च कंपनीने केला होता, हे एक. दुसरे असे की, ज्या चाचणीने प्रगती मोजली, ती व्याकरण, शब्दसंग्रह व वाचन तपासणारी होती. तीत तोंडाने बोलणे नव्हतेच. जे मोजले नाही ते सिद्धही झाले नाही. लेखापरीक्षक संशोधकांवर आरोप करीत नाही, परंतु ताळेबंदाखालची बारीक टीप अवश्य वाचतो.

मग पडदाच वाईट काय? तसेही नाही. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१० मध्ये पूर्वीच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात ऑनलाइन शिकणारे वर्गातल्यांच्या मागे नव्हते, किंचित पुढेच होते; आणि वर्ग व ऑनलाइन यांची सांगड घातलेले शिक्षण सर्वांत सरस ठरले. मात्र अहवालकर्त्यांनी प्रांजळपणे नमूद केले की, अशा मिश्र शिक्षणात विद्यार्थ्यांना बहुधा अधिक वेळ आणि अधिक साहित्यही मिळाले होते. श्रेय माध्यमाचे की जादा वेळेचे, हे त्यांनी मोकळे ठेवले. माझा कल वेळेकडे आहे, आणि तोही प्रत्युत्तर देणाऱ्या माणसाच्या सहवासातील वेळेकडे.

आपल्या घरांतील मुले आता पेढीवर बसून ऑनलाइन पदवीही घेऊ लागली आहेत, म्हणून थोडे त्याविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनुसार संपूर्ण ऑनलाइन पदवी देण्यासाठी विद्यापीठाच्या नॅक मूल्यांकनाची किंवा राष्ट्रीय क्रमवारीतील स्थानाची अट घालण्यात आली. पदवी विद्यापीठ देते, जाहिरात करणारी कंपनी नव्हे. मान्यताप्राप्त विद्यापीठांची यादी आयोग प्रसिद्ध करतो, ती प्रवेशापूर्वी पाहावी. त्यानंतरही एक प्रश्न उरतोच आणि तो नॅकच्या श्रेणीत दिसत नाही: मुलाने लिहिलेला गृहपाठ कोण वाचतो, आणि चूक दाखवून तो किती दिवसांत परत देतो?

जाता जाता, ते २८ हजार. सूनबाई त्याला हप्ता म्हणत होती. कागद पाहिले तेव्हा ते एका वित्तसंस्थेचे रीतसर कर्ज निघाले. मोबाइलवर आलेला ओटीपी देऊन तिने संमती दिली होती. अभ्यासक्रम सोडला असता तरी हप्ते चालूच राहिले असते. चाळीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाच्या घरात हे घडावे, याची मला शरम वाटली.

त्या रात्री कागदावर तिला एवढेच मांडून दाखवले: ऐकणे चाळीस तास, बोलणे शून्य. ती बराच वेळ त्या शून्याकडे पाहत राहिली. मग तिने पुण्याला शिकणाऱ्या भाचीला फोन लावला. तेव्हापासून रोज रात्री पेढीचा हिशेब मिटल्यावर दोघी वीस मिनिटे इंग्रजीत बोलतात; हळदीचा भाव, मालाची प्रत, कंटेनरला झालेला उशीर, जे दुबईकर विचारतात तेच. भाची ग्राहक होते आणि मुद्दाम घासाघीस करते. मिनिटे मात्र सूनबाई रोजकीर्दीसारखी वहीत मांडते. चित्रफितीही ती अधूनमधून पाहते, आता शब्द वेचण्यापुरत्या. परवा तिने बेरीज कळवली: एका महिन्यात नऊ तास चाळीस मिनिटे. खाली लिहिले होते, “काका, एक दिवस खाडा झाला.”