ओटा लहान, दोष हाताला!

२०२४ च्या पावसाळ्यातली गोष्ट. बाहेर भाताच्या आवणीची घाई आणि आमच्या बचत गटाचा लॅपटॉप सुरू व्हायला दहा मिनिटं घेत होता. दहा म्हणजे अक्षरशः दहा! बटण दाबून मी चहा टाकायचे, गाळूनही व्हायचा, तरी पडद्यावर ते गोल गोल फिरणं चालूच. मुलींचे शिष्यवृत्तीचे अर्ज, कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब, सगळं त्याच्यावर. "वहिनी, द्या ते डबडं भंगारात," बायका वैतागून म्हणायच्या.

शेवटी मी तो एका दुकानात नेला. तिथल्या गृहस्थांनी तो उघडलासुद्धा नाही. "मॅडम, प्रोसेसर जुना झालाय. बदलून देतो, सहा हजार पडतील. नाहीतर सरळ नवाच घ्या." सहा हजार! महिन्याला शंभर रुपये टाकणाऱ्या आम्हा बारा जणींची पाच महिन्यांची बचत ती!

खरं सांगते, मी पैसे द्यायला जवळजवळ तयार झाले होते. एमएस-सीआयटीच्या वर्गात 'प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू' एवढं पाठ केलेलं. मग मशीन मंद झालं म्हणजे मेंदूच म्हातारा झाला असणार, नाही का?

तेवढ्यात पुण्याला शिकणारा बहिणीचा मुलगा सुट्टीला शिनोलीत आला. तो म्हणाला, "मावशी, पैसे द्यायच्या आधी अडतंय कुठे ते तरी बघू." त्याने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली. टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडली. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांच्यावर किती भार आहे ते टक्क्यांत दिसतं. आमचा प्रोसेसर वीस-पंचवीस टक्क्यांवर निवांत बसलेला, मेमरी जवळजवळ भरलेली आणि डिस्क शंभर टक्क्यांवर धापा टाकत होती!

मला त्याने समजावलं ते असं. प्रोसेसर म्हणजे भाकरी थापणारी बाई. मेमरी, म्हणजे रॅम, हा तिचा ओटा. आणि हार्ड डिस्क म्हणजे पीठमीठ ठेवलेली कोठीची खोली. ओटा वीतभर आणि कोठी परसदाराच्या पलीकडे असेल, तर बाईचा हात कितीही चपळ असो, जेवायला उशीर होणारच. तिच्या जागी दुसरी चपळ बाई आणून काय उपयोग? तीही पिठाची वाट बघत उभीच राहणार.

आमचा लॅपटॉप २०१३ चा, सेलेरॉन १००० एम प्रोसेसरचा. तो खोबणीत, म्हणजे सॉकेटमध्ये बसवलेला होता. त्यामुळे त्याच पिढीचा, तेवढीच ३५ वॅट उष्णता सोडणारा आय-फाइव्ह ३२३० एम तिथे बसवण्याजोगा होता. म्हणजे दुकानदार अगदीच खोटं बोलत नव्हता. पण साधारण २०१५ नंतरच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये, आणि त्याआधीच्या पातळ मॉडेलमध्येही, प्रोसेसर मदरबोर्डला सोल्डर केलेला, डाग देऊन पक्का जोडलेला असतो. तिथे 'बदलून देतो' हे बोलणंच फोल. आणि खोबणीत असला तरी कंपनीच्या बायोसने, म्हणजे मशीन चालू करणाऱ्या मूळ प्रोग्रामने, नवा प्रोसेसर ओळखायला हवा. नाहीतर पैसे गेले आणि पडदा काळा!

आम्ही आधी सगळा हिशेब पेन ड्राइव्हवर उतरवून घेतला. मग मिनिटाला ५,४०० फेरे मारणारी जुनी डिस्क काढून, आत काहीच न फिरणारी एसएसडी बसवली. २ जीबीच्या रॅमला ४ जीबीची जोड दिली. पंख्यातली धूळ तर चिमटीने निघाली! पुण्याच्या बुधवार पेठेतून आणलेलं सगळं सामान अडीच हजारांच्या आत बसलं. आता मशीन मिनिटभरात सुरू होतं. प्रोसेसर तोच बरं का!

आता कोणी म्हणेल, एवढं करून तरी ते किती दिवस चालणार? प्रश्न रास्त आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो आणि आमच्या खोबणीत तिसऱ्या पिढीच्या पुढचा बसतच नाही. म्हणजे सहा हजार घालूनही ही अडचण सुटली नसती! आम्ही आता त्यावर फुकट मिळणारी लिनक्स टाकून घेतली आहे, तीही मराठीत. व्हिडिओ जुळवण्यासारखी जड कामं या मशीनवर होणार नाहीत, हे मान्य. पण अर्ज आणि हिशेब यांना ते पुरेसं आहे.

२०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. चांगलंच झालं. पण मैत्रिणींनो, हक्काची सुरुवात दुकानाच्या फळीपासून होते. आपण वस्तू फळीवर ठेवतो आणि 'कधी येऊ न्यायला?' एवढंच विचारून निघतो. तसं करू नका. समोर उघडायला सांगा. नेमकं काय अडतंय ते दाखवायला सांगा. प्रोसेसर खोबणीत आहे की सोल्डर केलेला, हे विचारा. काढलेला भाग परत मागा. 'मॅडमना काय कळतंय' असं वाटणाऱ्यालाही चौथ्या प्रश्नाला नीट उत्तर द्यावं लागतं, हा माझा अनुभव आहे.

आणि एक मनात आलं ते सांगते. घरात स्वयंपाकाला उशीर झाला की बाईचाच हात सावकाश ठरतो. ओटा केवढा, पाणी किती लांबून आणावं लागतं, हे कोणी बघत नाही. निदान आपण तरी, माणूस असो वा मशीन, दोष द्यायच्या आधी ओटा बघायला शिकू या. पटतंय ना?