वारा सर्वांचा, वीज कोणाची?

ऑक्टोबर २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात एक लक्षणीय घटना घडली. 'नेक्स्टएरा एनर्जी' या वीज कंपनीचे बाजारमूल्य 'एक्झॉनमोबिल' या बलाढ्य तेल कंपनीच्याही पुढे गेले. कोरोनाच्या संकटाने तेलाचे भाव कोसळले होते आणि पुढे तेल कंपनीने आपले स्थान परतही मिळविले, हे खरे. तरीही पवनऊर्जा आणि सौरऊर्जा यांच्या बळावर एक कंपनी त्या शिखरापर्यंत पोहोचली, ही गोष्ट उपेक्षणीय नाही. अनेकांनी तिचे वर्णन पर्यावरणनिष्ठेचा विजय असे केले. हे वर्णन कितपत खरे आहे, ते मात्र तपासून पाहिले पाहिजे.

या कंपनीचे मूळ फ्लोरिडा राज्यातले. १९२५ साली स्थापन झालेली 'फ्लोरिडा पॉवर अँड लाइट' ही तिची जुनी आणि आजही मुख्य शाखा. आपल्या क्षेत्रात ती एकमेव वीजपुरवठादार आहे. तिचे दर राज्याचा आयोग ठरवितो आणि गुंतवणुकीवर वाजवी नफाही मान्य करतो. म्हणजे ग्राहक बांधलेले आणि उत्पन्न निश्चित. विशेष म्हणजे पवनचक्क्यांना लागणारा जोरकस वारा फ्लोरिडात जवळजवळ नाहीच. मग फ्लोरिडाची कंपनी वाऱ्याच्या व्यवसायात अग्रेसर झाली कशी?

याचे उत्तर १९९२ च्या एका कायद्यात आहे. थोरले जॉर्ज बुश अध्यक्ष असताना संमत झालेल्या ऊर्जा धोरण कायद्याने पवनऊर्जेच्या प्रत्येक युनिटमागे दीड सेंटची करसवलत पहिली दहा वर्षे देऊ केली. महागाईप्रमाणे ती वाढत जाणार होती. परंतु करसवलतीचा उपयोग ज्याला कर भरावा लागतो त्यालाच! तुटपुंज्या भांडवलावर पवनचक्क्या उभारणाऱ्या उद्योजकाला नफाच नसे, मग कर कोठला आणि सवलत तरी कशाची? फ्लोरिडाच्या कंपनीजवळ मात्र मक्तेदारीचा भरघोस नफा होता, त्यावर कर होता आणि बाजारात पतही होती. म्हणून ती स्वस्त व्याजाने कर्ज काढी, यंत्रे घाऊक खरेदी करी, वीस-वीस वर्षांचे वीजविक्रीचे करार आधी पदरात पाडून घेई आणि मगच टेक्सास, आयोवा अशा वाऱ्याच्या प्रदेशांत पवनचक्क्या उभारी. टेक्सासमध्ये धाकटे बुश राज्यपाल असताना, १९९९ साली, अक्षय ऊर्जेचे किमान प्रमाण कायद्यानेच ठरवून दिले होते. त्याच राज्यात २००६ साली पूर्ण झालेला 'हॉर्स हॉलो' हा ७३५ मेगावॅटचा प्रकल्प त्या वेळी जगातील सर्वांत मोठा पवनऊर्जा प्रकल्प होता.

तेथील बहुसंख्य पवनचक्क्या 'जनरल इलेक्ट्रिक'च्या. त्या कंपनीने हा व्यवसाय २००२ साली विकत घेतला तो दिवाळखोर एनरॉनकडून. होय, दाभोळच्या करारातून महाराष्ट्राला महागड्या विजेचा धडा देणारी तीच एनरॉन! एनरॉन हिशेबांच्या जादूवर उभी होती, ती बुडाली. फ्लोरिडाची कंपनी सावध हिशेबावर उभी होती, ती टिकली. तिचे हे श्रेय मान्य केलेच पाहिजे.

पण या वाटचालीत शासनाचे धोरण किती निर्णायक होते, हेही विसरता येत नाही. १९९९, २००१ आणि २००३ या वर्षांच्या अखेरीस करसवलतीची मुदत संपली, तेव्हा पुढच्या वर्षी अमेरिकेत नव्या पवनचक्क्यांची उभारणी एकदम रोडावली. वारा तोच होता आणि यंत्रेही तीच. बदलली होती ती संसदेची मर्जी.

आता घरचे चित्र पाहा. फ्लोरिडात या कंपनीने तेलाचा वापर जवळजवळ संपविला आणि कोळशाची केंद्रे विकत घेऊन बंद केली, ही स्तुत्य कामगिरी. तथापि २०२३ साली तिच्या तेथील विजेचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग नैसर्गिक वायूपासून आणि सुमारे एक-पंचमांश अणुशक्तीपासून येत होता. सूर्याचा वाटा अल्पच. २०१९ साली तिने २०३० पर्यंत तीन कोटी सौर पट्ट्या बसविण्याचा संकल्प जाहीर केला, परंतु त्या कंपनीच्या मालकीच्या जमिनीवर. नागरिकाने स्वतःच्या छपरावर वीज निर्माण करावी, याविषयी मात्र तिचा उत्साह आटतो. २०१६ साली राज्यघटनेत एक दुरुस्ती सुचविण्यात आली. तिचे शब्द सौरऊर्जेच्या बाजूचे भासत, पण तिच्यामुळे छपरावरील विजेवर बंधने घालण्यास वाट मोकळी झाली असती. वीज कंपन्यांनी, आणि त्यांत हीही, तिच्या प्रचारासाठी दोन कोटी डॉलरहून अधिक निधी उभा केला. तिला साठ टक्के मतांची आवश्यकता होती. मिळाली जेमतेम एकावन्न टक्के. २०२२ साली छपरावरील जादा विजेचा मोबदला घटविणारे विधेयक विधिमंडळात संमत झाले. कंपनीचा त्याला पाठिंबा होता. राज्यपाल डिसँटिस यांनी ते रोखले.

हवाईचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. २०४५ पर्यंत संपूर्ण वीज अक्षय स्रोतांतून मिळविण्याचा कायदा करणाऱ्या या राज्यानेच, स्थानिक वीज कंपनी विकत घेण्याचा नेक्स्टएराचा प्रस्ताव २०१६ साली फेटाळला. तो व्यवहार लोकहिताचा आहे हे सिद्ध झाले नाही, असा तेथील आयोगाचा निष्कर्ष होता. ऊर्जा स्वच्छ हवी, पण तिची सूत्रे आपल्या हातून जाऊ नयेत, हा विवेक त्या लहानशा बेटसमूहाने दाखविला.

निसर्गाचा प्रश्नही सुटलेला नाही. २०२२ साली या समूहाच्या एका उपकंपनीने गरुडांच्या मृत्यूंबाबतचा गुन्हा न्यायालयात कबूल केला. दहा वर्षांत किमान दीडशे गरुड तिच्या प्रकल्पांत मृत्युमुखी पडले होते. दंड आणि भरपाईची रक्कम ऐंशी लाख डॉलरहून अधिक होती.

जुलै २०२५ च्या नव्या कायद्याने पवन आणि सौर प्रकल्पांच्या करसवलतींना कात्री लावली. त्या वर्षी हीच कंपनी वायूवरील वीजकेंद्रांच्या योजना आखीत होती आणि २०२० साली बंद केलेले आयोवातील अणुकेंद्र गूगलशी करार करून पुन्हा चालू करण्याच्या तयारीला लागली होती. यात दांभिकता शोधण्याचे कारण नाही. व्यापारी संस्था नफ्याच्या दिशेने चालते आणि ती दिशा कायदा ठरवितो. म्हणून कंपनीकडून कार्यक्षमता जरूर घ्यावी, पण लोकहिताची राखण तिच्यावर सोपवू नये. वारा आणि ऊन कोणाच्याही मालकीचे नाहीत. त्यांपासून झालेल्या विजेचा लाभ कोणाला, हे ठरविण्याचा अधिकार समाजाचा आहे. हवाईच्या आयोगाने आणि फ्लोरिडाच्या मतदारांनी तो बजावला. समाज जागा नसेल, तर तो अधिकार दुसरे कोणीतरी बजावील.