सर्दीविना घसा दुखला, तर दाखवा

खापर आणि आसपासच्या पाड्यांवरच्या आयाबापांनो,

लेकराला दवाखान्यात न्यायचं तर दिवसाची मजुरी बुडते. म्हणून कोणता घसा घरी बरा होतो आणि कोणता नाही, हे आपल्याला ओळखता आलं पाहिजे.

नाक गळतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, पण लेकरू खेळतंय, पाणी पितंय, तर घाबरू नका. असा घसा बहुतेक वेळा विषाणूमुळे धरतो आणि आठवडाभरात सुटतो. त्याला अँटिबायोटिक लागत नाही, म्हणून सुई-सलाइनचा हट्ट धरू नका. कोमट पाणी आणि पेज द्या. मोठ्या मुलाला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करू द्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. तीन दिवसांत उतार पडला नाही, तर दाखवा.

खरी नजर ठेवायची ती सर्दी-खोकला नसलेल्या घशावर. ताप आहे, गिळताना कळ येते, जबड्याखालच्या गाठी सुजून दुखतात, टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसतात, असं झालं तर दुसऱ्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या. ५ ते १५ वर्षांच्या मुलांत हा बरेचदा स्ट्रेप्टोकोकस जंतूचा घसा असतो. घसा आपोआप बराही होतो, पण काही मुलांचे दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. वेळेवर औषध घेतलं तर हे टळतं. डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या तर दहाही दिवस द्या. तिसऱ्या दिवशी मूल हसू-खेळू लागलं म्हणून थांबवू नका. आश्रमशाळेत मुलं जवळजवळ झोपतात, हा जंतू तिथे लवकर पसरतो. अधीक्षकांनी अशा मुलाला लगेच दाखवावं.

आणि पुढचं काही दिसलं तर सकाळ होण्याची वाट पाहू नका: श्वास घेताना आवाज येतो किंवा छाती आत ओढली जाते, लाळ गळते, तोंड उघडत नाही, मान फुगली आहे, आठ तास लघवी नाही, मूल सुस्त पडलं आहे, घशात राखाडी पापुद्रा दिसतो. हा पापुद्रा घटसर्पाचा असू शकतो. तो खरवडू नका, घशात बोट घालू नका. १०८ ला फोन करा, अक्कलकुव्याचं ग्रामीण रुग्णालय गाठा. भगताकडे जायचं असेल तर नंतर जा; आधी दवाखाना.

घटसर्पाची लस सरकारी केंद्रात फुकट मिळते. बाळपणीचे तीन डोस झाले म्हणजे संपलं नाही. दीड वर्षाला, वयाची पाच वर्षं झाल्यावर, पुन्हा १० आणि १६ वर्षांना ती घ्यावी लागते. ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्यांच्या मुलांचे हेच डोस चुकतात. निघताना लसीचं कार्ड सोबत घ्या. राहिलेला डोस तिथल्या सरकारी दवाखान्यातही मिळतो. आजच कार्ड काढा आणि काय राहिलंय ते आशाताईंना विचारा.