क्रिएटिनिन ‘नॉर्मल’, पण मूत्रपिंडाचे काय?

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्षिक सभेने मूत्रपिंडाच्या आरोग्यावर ठराव मंजूर केला. मधुमेह, हृदयविकार, कर्करोग यांच्या पंक्तीत मूत्रपिंडालाही उशिरा का होईना, पान मिळाले. आजार लवकर ओळखण्यावर जगभरात आता भर आहे. आपल्याकडे लवकर ओळखणे म्हणजे बहुधा वार्षिक तपासणीच्या पॅकेजमधला ‘सिरम क्रिएटिनिन’चा आकडा पाहणे. तो मर्यादेत असला की फाइल कपाटात जाते. गोम इथेच आहे.

क्रिएटिनिन स्नायूंमध्ये रोज साधारण ठरावीक प्रमाणात तयार होते आणि मूत्रपिंड ते गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. स्नायू कमी असतील तर क्रिएटिनिनही कमी तयार होते. त्यामुळे मूत्रपिंडाचे काम मंदावले तरी रक्तातला आकडा निर्धोक दिसू शकतो. पंचवीस वर्षांच्या पुरुषाचे क्रिएटिनिन १.० असेल, तर २०२१ च्या प्रचलित सूत्राने गाळण्याचा वेग मिनिटाला सुमारे १०७ मिलिलिटर निघतो. पासष्ट वर्षांच्या महिलेच्या अहवालातले तेच १.० म्हणजे जेमतेम ६२! शिवाय हे सूत्र वय आणि लिंग विचारते, दंडात किती बळ आहे ते विचारत नाही.

भारतीयांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बोचरा ठरतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचा बीएमआय २२.३, पण चरबी युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. ही मांडणी मधुमेहाच्या संदर्भातली होती. पण दिसायला सडपातळ आणि स्नायूंनी तोकडा असा देह क्रिएटिनिनच्या आकड्यालाही चकवतो.

मग लघवी तपासावी का? जुनी पद्धत चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवण्याची. समजा दिवसाची लघवी १५०० मिलिलिटर, तिच्यातले क्रिएटिनिन डेसिलिटरला ८० मिलिग्रॅम आणि रक्तातले १.०, तर वेग येतो ८३. आता ऑफिसच्या गडबडीत एकदाची ३०० मिलिलिटर लघवी कॅनबाहेर गेली, तर तोच वेग ६७ भरतो. मूत्रपिंड तेच, चूक कॅनची. म्हणून ही तपासणी आता मोजक्याच वेळी सांगतात.

त्याहून सोपी तपासणी म्हणजे लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर. एकच नमुना पुरतो. पाणी जास्त प्यायल्याने लघवी पातळ झाली तर दोन्ही घटक सारखेच पातळ होतात, म्हणून इथे क्रिएटिनिन मापाचे काम करते. ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या वर अल्ब्युमिन सापडले, तर रक्तातला आकडा बिघडण्याआधीच इशारा मिळतो. स्नायूंचा घोळ इथेही पुरता सुटत नाही. किरकोळ देहाच्या व्यक्तीत भागणारा आकडाच लहान असतो, त्यामुळे गुणोत्तर थोडे फुगते. तरी आजार नजरेतून सुटण्यापेक्षा हे परवडले.

सरकारी पातळीवर २०१६ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून गरीब रुग्णांना मोफत डायलिसिस मिळते, ते हवेच. तिशीपुढील नागरिकांची मधुमेह, रक्तदाब आणि तीन कर्करोगांसाठी तपासणीही होते. त्या पाचांत मूत्रपिंड मात्र नाही. ज्यांना मधुमेह वा उच्च रक्तदाब सापडला, निदान त्यांची लघवी त्याच फेरीत तपासली, तर डायलिसिसच्या खुर्चीपर्यंत पोचणारे काही जण तरी आधीच औषधांच्या कक्षेत येतील.

तपासणीसाठी सकाळची पहिली लघवी उत्तम. ताप किंवा लघवीचा संसर्ग असेल, मासिक पाळी सुरू असेल किंवा आदल्या दिवशी सिंहगड चढून आला असाल, तर ती पुढे ढकला. आणि पहिला अहवाल वाढीव आला तरी घाबरू नका. पुन्हा तपासून तो किमान तीन महिने कायम राहिला, तरच डॉक्टर त्याला आजार म्हणतात.