शहर दिले, सभा नेली

दिवाळीच्या अंकात नगरपंचायतीचा विषय काढणे म्हणजे चकलीच्या ताटात काढ्याची वाटी ठेवण्यासारखे आहे, हे मी जाणून आहे. परंतु दिव्यांचा सण चालू असताना दिव्यांविषयी बोलावयाचे नाही, तर मग कधी बोलावयाचे? घरोघरच्या पणत्यांबद्दल माझी तक्रार नाही. त्या आपापल्या तेलावर जळतात. मला बोलावयाचे आहे ते गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या खांबावरच्या दिव्याविषयी. तो सर्वांचा असतो. म्हणून तो विझला म्हणजे कोणाचाच नसतो.

मी बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा. बालाघाटच्या ज्या डोंगरात मांजरा उगम पावते, त्या डोंगराच्या कुशीतले हे तालुक्याचे ठिकाण. परगावी गेल्यावर गावाचे नाव सांगितले की समोरचा गृहस्थ हटकून डोळे मोठे करतो आणि विचारतो, "म्हणजे कर भरला की पीठ फुकट दळून देतात, तेच ना?" नव्हे हो! ते पाटोदा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातले, भास्करराव पेरे पाटलांचे. अनेक वर्षे सरपंच राहून त्यांनी आपल्या गावाचे नाव महाराष्ट्रभर केले. ते ग्रामपंचायतीचे गाव. आम्ही नगरपंचायतीचे शहर. कागदावर आमचा मान मोठा. पण त्या धाकट्या पाटोद्यापाशी एक वस्तू आहे, जी आमच्यापाशीही होती आणि आता नाही. त्या वस्तूचे नाव ग्रामसभा.

ही वस्तू आमच्याकडून चोरीला गेली नाही. ती आम्ही वाजतगाजत देऊन टाकली. २०१४ नंतरच्या काळात राज्यातील तालुक्याच्या गावांच्या ग्रामपंचायती एकामागून एक नगरपंचायती झाल्या. बीड जिल्ह्यात पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, केज, वडवणी ही सारी गावे त्या रांगेत बसली. सरपंचाचे नगराध्यक्ष झाले, सदस्यांचे नगरसेवक झाले, ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी आले. गाव शहर झाले, म्हणून आम्हांला आनंद झाला, मलाही झाला. शहराला निधी अधिक मिळेल, रस्ते होतील, नळ येतील, असे वाटणे काही गैर नव्हते. पण या घाईत एक गोष्ट कोणी मोठ्याने वाचून दाखविली नाही. ग्रामपंचायतीचा कायदा गेला आणि १९६५ चा नगरपरिषदांचा कायदा आला, तेव्हा वर्षातून निदान चार वेळा साऱ्या गावाने एकत्र बसून कारभाऱ्यांना जाब विचारण्याचा हक्कही जुन्या कायद्याबरोबर गेला.

कोणी म्हणेल, शहरांनाही प्रभाग समित्या असतात की! असतात, पण कोणत्या शहरांना? चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली. तिने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांना. तीन लाख! आमचा अख्खा तालुका गोळा करून बसविला तरी ती पंगत भरावयाची नाही. खेड्याला ग्रामसभा आहे, मोठ्या शहराला प्रभाग समिती आहे. मधल्या गावांच्या वाट्याला काय, तर पाटी! पुढे २००९ साली महाराष्ट्राने आपल्या नागरी कायद्यांत 'क्षेत्रसभा' हा शब्द घातला. शब्द पुस्तकात शिरला. गल्लीत उतरला नाही.

मग लोकांच्या सुरक्षिततेचे काय? त्यासाठी समित्या आहेत. शांतता समिती आहे, दक्षता समिती आहे, सण आला म्हणजे आणखी एखादी निघते. अशा एका समितीची बैठक मी पाहिली आहे. गावाचे नाव सांगत नाही. दिवाळीत कोणाचे तोंड कडू करू नये. दोन डॉक्टर, तीन व्यापारी, एक निवृत्त मुख्याध्यापक, चार आजी आणि तितकेच माजी पदाधिकारी, असा सरंजाम होता. हे सगळे भले लोक होते, हे मी मुद्दाम सांगतो. पण ते सगळे मोठ्या रस्त्यावर राहणारे होते, आणि मोठ्या रस्त्यावरचे दिवे जळत होते. चहा झाला. 'आपल्या गावाची परंपरा शांततेची आहे' हे वाक्य पाच जणांनी पाच वेळा म्हटले. इतक्यात मागल्या वस्तीतील एक बाई दाराशी येऊन उभी राहिली. तिला कोणी बोलाविले नव्हते. ती म्हणाली, "सायेब, खांब हाय, दिवा बी हाय, उजेड तेवढा न्हाई. लेकीबाळींनी रातच्याला पाण्याला जावं कसं?" पोलिसांकडचे म्हणाले, दिवा नगरपंचायतीचा. नगरपंचायतीकडचे म्हणाले, वीज कंपनीची. वीज कंपनीकडचे कोणी आलेच नव्हते. अखेर अध्यक्षांनी गोड आवाजात सांगितले की, हा विषय आजच्या विषयपत्रिकेवर नाही.

मला त्या अध्यक्षांचा राग आला नाही. राग आला तो त्या विषयपत्रिकेचा. सुरक्षितता म्हणजे चोर, दरोडेखोर आणि दंगल, एवढेच ज्या समितीला ठाऊक आहे, तिला अंधारी गल्ली हा विषयच वाटत नाही. पण बाईमाणसाला विचारा, म्हाताऱ्याला विचारा, शिकवणीहून परतणाऱ्या मुलीला विचारा. त्यांना भय वाटते ते विझलेल्या दिव्याचे, उघड्या गटाराचे, मोकाट कुत्र्यांच्या टोळीचे आणि अवेळी येणाऱ्या पाण्याचे. पाणी रात्री साडेअकराला सुटले, तर बाईला साडेअकराला बाहेर पडावे लागते. म्हणजे पाण्याचे वेळापत्रक हासुद्धा पोलिसी बंदोबस्ताचाच भाग झाला! नळ एका कचेरीत, दिवा दुसऱ्या कचेरीत आणि गस्त तिसऱ्या. बाई मात्र एकटीच.

आमच्या भागाची आणखी एक गोष्ट आहे, जी पुण्या-मुंबईच्या वाचकांना माहीत असेलच असे नाही. ऐन दिवाळीच्या सुमारास, साखर कारखान्यांच्या धुराड्यांनी धूर सोडला की, बीड जिल्ह्यातील ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवराबायकोचा एक 'कोयता' धरला जातो. बैलगाडी, ट्रक, ट्रॅक्टर, जे मिळेल त्यात संसार भरून माणसे पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. इतरांच्या दारात आकाशकंदील लागतात, तेव्हा यांच्या दाराला कुलूप लागते. मागे राहतात आजी-आजोबा आणि शाळेत जाणारी नातवंडे. गस्तीची सर्वांत अधिक गरज कोणत्या महिन्यांत आणि कोणत्या वस्तीत आहे, हे सांगायला कोणी तज्ज्ञ नको. ज्या आजीच्या शेजारची चार घरे कुलुपात आहेत, ती सांगेल. पण तिला विचारावयाचे कोणी आणि कोठे? समितीत तिला खुर्ची नाही, आणि सभा तर राहिलीच नाही.

आता माझ्यावर येणारे आक्षेप मीच मांडतो. पहिला असा की, ग्रामसभेचे एवढे गोडवे कशाला? निम्म्या ग्रामसभा कागदावरच होतात. गणपूर्ती होत नाही, झाली तर भांडणे होतात. खरे आहे. पण जी सभा कागदावर झाली, ती प्रत्यक्षात घ्या असे म्हणण्याचा हक्क तरी गावकऱ्याला आहे. भांडावयाला का होईना, दार उघडे आहे. शिवाय त्या कायद्यात ग्रामसभेआधी स्त्रियांची निराळी सभा घेण्याचीही सोय आहे. जी गोष्ट चारचौघांत बोलता येत नाही, ती तेथे बोलता येते. आमच्याकडे दारच भिंतीत बुजविले आहे.

दुसरा आक्षेप असा की, सतरा नगरसेवक आहेत, निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. आणखी काय पाहिजे? मी म्हणतो, निवडणूक पाच वर्षांनी येते. दिवा आठ दिवसांनी जातो. नगरपंचायतीच्या सभेत बोलण्याचा हक्क सदस्याला आहे, नागरिकाला नाही. तिसरा आक्षेप नव्या जमान्याचा: मोबाइलवर तक्रार करा. जरूर करावी. पण मोबाइलवर माणूस एकटा असतो. 'तक्रार निकाली काढण्यात आली' असा निरोप आला की गप्प बसतो. सभेत तेच उत्तर दिले, तर मागून दहा जण म्हणतात, "अहो, दिवा अजून बंदच आहे!" ते दहा आवाज मोबाइलमध्ये मिळत नाहीत.

आणि लोकांना बसविल्याने काय होते, याचा दाखला हवा असेल तर भिवंडीकडे पाहावे. १९७० आणि १९८४ साली दंगलींनी होरपळलेले ते यंत्रमागांचे गाव. १९८८ पासून तेथे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. त्यांत त्यांनी नेहमीचे पुढारी न घेता दोन्ही समाजांची साधी माणसे घेतली, आणि समितीशी त्या त्या भागातल्या पोलिसांची गाठ घालून दिली. रोजच्या लहानसहान कुरबुरी एकत्र बसून मिटवू लागलेली माणसे एकमेकांना नावानिशी ओळखू लागली. पुढे डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, नऊशे माणसे मेली. आणि शेजारची भिवंडी शांत राहिली. हे बंदुकीने झाले नाही, सतरंजीने झाले. मुंबईनेही तो धडा पुढे १९९४ साली मोहल्ला समित्या काढून गिरविला. म्हणजे समिती ही वस्तू वाईट नाही. तिच्यात कोण बसते आणि ती काय ऐकते, यावर सारे आहे.

तेव्हा माझे मागणे फार मोठे नाही. सरकारने नगरपंचायतींच्या कायद्यात प्रभागसभा सक्तीची करावी. ग्रामसभेसारखीच वर्षातून चार वेळा, आणि तिच्याआधी स्त्रियांची सभा. पण कायदा बदलेपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. लोकांना बोलावून ऐकून घेऊ नये, असे कोणत्याच कायद्यात लिहिलेले नाही. कोणत्याही नगराध्यक्षाने उद्या ठरविले, तर प्रत्येक प्रभागात देवळापुढे, मशिदीपुढे किंवा शाळेच्या अंगणात सतरंजी अंथरता येईल. पोलीस, नगरपंचायत आणि वीज कंपनी या तिघांचे माणूस एकाच सतरंजीवर बसले पाहिजे, म्हणजे बोट दाखवायला दुसरी कचेरी उरणार नाही. एक वही असावी. तिच्यात तक्रार, उत्तर देणाऱ्याचे नाव आणि दिलेली तारीख लिहावी. आणि पुढच्या सभेची सुरुवात अध्यक्षीय भाषणाने न होता त्या वहीच्या वाचनाने व्हावी. एवढ्याला निधी लागत नाही, निविदा लागत नाही. थोडे धैर्य लागते, कारण ती वही मोठ्याने वाचली जाणार.

आणि वर्षातील एक सभा टोळ्या निघण्याच्या आधी झाली पाहिजे. ज्यांच्या घरांना कुलूप लागणार आहे, त्यांनी त्या सभेत उठून सांगावे की, माझी म्हातारी आणि माझी दोन लेकरे या गल्लीत राहणार आहेत. त्यांच्यावर लक्ष कोण ठेवील, त्याचे नाव वहीत लिहा. मग ते नाव लिहून घ्यावे, आणि गाडी हलण्यापूर्वी त्या माणसाला ते वाचून दाखवावे.