ब्लँकेट देणाऱ्याला शाल, केस सांभाळणाऱ्याला काय?

थंडी पडू लागली की आपल्या उपनगरांत ब्लँकेट वाटप सुरू होते. पावसाळ्यात ताडपत्री, रमजानमध्ये इफ्तारचे किट. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत स्टेशनाबाहेरच्या फुटपाथपाशी टेम्पो उभा राहतो, रांग लागते, फोटो निघतात. नंतर एखाद्या हॉलमध्ये कार्यक्रम होतो आणि देणगीदारांना शाल-श्रीफळ मिळते. पुढच्या वर्षी पुन्हा तोच टेम्पो, तोच फुटपाथ आणि बरीचशी तीच माणसे. गेल्या वर्षी ज्याच्या अंगावर आपण ब्लँकेट घातले, तो यंदाही इथेच का झोपला आहे, हे मात्र त्या हॉलमध्ये कोणी विचारत नाही.

वाटप बंद करा, असे मी म्हणत नाही. थंडीत कुडकुडणाऱ्याला आधी पांघरूणच लागते. पण रस्त्यावरचा माणूस छपराखाली जातो आणि तिथे टिकतो, तो बहुतेक वेळा त्याच्यामागे महिनोन्‌महिने चिकाटीने लागलेल्या एखाद्या माणसामुळे. संस्थांमध्ये या माणसाला केस मॅनेजर म्हणतात, कुठे केसवर्कर, कुठे सोशल वर्कर, तर निवारा केंद्रात व्यवस्थापक. त्याला समाजात ओळख नाही, नोकरीची शाश्वती नाही आणि धड पगारही नाही. या अवस्थेला सरकार जबाबदार आहेच. तितकेच आपण देणारेही जबाबदार आहोत, हे या लेखाचे म्हणणे आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. आमच्या कामात तक्रार आली की तिचे तिकीट तयार होते आणि तिकिटावर कोणा एकाचे नाव पडते. ज्या तिकिटावर नाव नाही, ते महिनोन्‌महिने पडून राहते. दहा जण ते उघडून पाहतात आणि दहाही जण 'कोणीतरी करेल' म्हणून पुढे जातात. बेघर माणसाचे असेच होते. पोलीस, पालिका, रुग्णालय, बँक, रेशन कार्यालय, या सगळ्यांच्या कामात तो थोडा थोडा येतो, पण त्याचे तिकीट कोणाच्याच नावावर नसते. केस मॅनेजर ते स्वतःच्या नावावर घेतो.

हे काम नेमके काय असते, ते समजून घेऊ. बेघरांसाठी आपल्याकडे कायदे आणि नियम अगदीच नाहीत असे नाही. निवडणूक आयोगाच्या नियमानुसार बेघर नागरिकाला मतदार होण्यासाठी पत्त्याचा कागद लागत नाही. अर्जात तो जिथे झोपतो ती जागा लिहायची आणि बूथ अधिकाऱ्याने रात्री तिथे जाऊन तो खरेच तिथे झोपतो का, हे पाहायचे. नियम उत्तम आहे. पण अर्ज कोण भरणार? अधिकारी येईल त्या रात्री त्या माणसाला जागेवर कोण थांबवणार? त्याच आठवड्यात अतिक्रमण हटाव पथक येऊन गेले आणि माणूस दुसऱ्या पुलाखाली गेला, तर त्याला शोधणार कोण?

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 घ्या. रस्त्यावर भटकणाऱ्या, मनोरुग्ण वाटणाऱ्या आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या व्यक्तीला संरक्षणात घेणे हे कलम 100 नुसार पोलिसांचे कर्तव्य आहे. 24 तासांत तिला सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचे, कोठडीत ठेवायचे नाही. बेघर व्यक्तीला मानसिक उपचार मोफत मिळण्याचा हकही याच कायद्यात आहे. पण पोलीस ठाण्यात उभे राहून 'साहेब, कलम 100 आहे' हे नम्रपणे आणि न घाबरता सांगायला माणूस लागतो. रुग्णालयाच्या खिडकीवर केसपेपर काढताना 'पत्ता काय लिहू?' या प्रश्नाला उत्तर द्यायला माणूस लागतो. गोळ्या चालू झाल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणीला न्यायलाही माणूसच लागतो.

दुसऱ्या बाजूला 1959 चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आहे. उपजीविकेचे दिसणारे साधन नाही आणि सार्वजनिक जागी भटकतो, एवढ्यावरही माणूस त्याच्या व्याख्येत बसू शकतो. दोषी ठरल्यास पहिल्याच वेळी 1 ते 3 वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिल्लीपुरती या कायद्याची प्रमुख कलमे रद्द केली. महाराष्ट्रात तो आहे. पकडलेला माणूस भिकारी नसून नाका कामगार आहे, त्याचा मुकादम अमुक आहे, हे न्यायालयात मांडायला वकिलाच्या आधी त्याला ओळखणारा कोणीतरी हवा असतो.

आता आकडे पाहू. 2011 च्या जनगणनेत मुंबईत सुमारे 57 हजार बेघर मोजले गेले. शहराची लोकसंख्या तेव्हा सुमारे 1 कोटी 24 लाख होती. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या 2013 नंतरच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दर एक लाख लोकसंख्येमागे किमान 100 जणांचा, चोवीस तास चालणारा एक निवारा हवा. म्हणजे मुंबईत किमान 124. आपण त्याच्या जवळपासही नाही. समजा उद्या 124 झाले, तरी जागा होतील 12,400. प्रत्येक निवाऱ्यात एक व्यवस्थापक धरला, तर एकेका व्यवस्थापकामागे सुमारे 460 बेघर माणसे येतात. हे सगळे नियम कागदावर पूर्ण झाल्यानंतरचे चित्र आहे.

आपल्याच उपनगरातले एक उदाहरण घ्या. डॉ. भरत वाटवाणी आणि डॉ. स्मिता वाटवाणी या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने 1988 मध्ये रस्त्यावरच्या मनोरुग्णांसाठी काम सुरू केले. बोरिवली-दहिसरच्या परिसरात रुजलेली त्यांची 'श्रद्धा' ही संस्था पुढे कर्जतला गेली. 2018 मध्ये डॉ. भरत वाटवाणींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तो योग्यच होता. पण त्या कामाचा शेवटचा टप्पा आठवा. बरा होत आलेला रुग्ण एखादे गाव, एखादी नदी, एखाद्या भावाचे नाव आठवतो. त्याला घेऊन समाजसेवक रेल्वेच्या डब्यात बसतो, दोन-दोन दिवस प्रवास करतो, गावात विचारत विचारत घर शोधतो आणि घाबरलेल्या घरच्यांना औषधाची चिठ्ठी समजावून सांगतो. मॅगसेसे पुरस्काराची बातमी आपण सगळ्यांनी वाचली. त्या डब्यात बसलेल्या एकाचे तरी नाव आपल्याला सांगता येईल का?

दुसरे उदाहरण टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'कोशिश' या प्रकल्पाचे. 2006 पासून हा गट बेघर आणि निराधार लोकांमध्ये काम करत आला. बिहार सरकारने राज्यातल्या निवारागृहांची पाहणी त्यांच्याकडे सोपवली आणि 2018 मध्ये त्यांच्या अहवालामुळे मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातले अत्याचार उघडकीस आले. जानेवारी 2020 मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने 19 जणांना दोषी ठरवले. रजिस्टर तपासून सही करणारे कोणालाही जमते. मुलींनी मात्र ज्यांना सांगितले, ते ऐकून घेण्याची सवय असलेले लोक होते. ही सवय दोन दिवसांच्या कार्यशाळेत लागत नाही.

मग अशा लोकांची किंमत आपण का करत नाही? एक कारण आपल्या आवडत्या घोषणेत आहे. 'तुमचा शंभर टक्के पैसा थेट गरिबापर्यंत.' ऐकायला छान वाटते. पण याचा अर्थ असा की पैसा नेऊन पोहोचवणाऱ्याने पोटाला चिमटा घ्यावा. ब्लँकेटला बिल मिळते म्हणून तो खर्च 'मदत' ठरतो. केसवर्करने तीन महिने फिरून एका बाईला आधार, बँक खाते आणि विधवा पेन्शन मिळवून दिले, तर तो खर्च 'ऑफिसचा' ठरतो.

कॉर्पोरेट जगात लोक कायद्याचा हवाला देतात, 'सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्चाला 5 टक्क्यांची मर्यादा आहे'. मर्यादा आहे, पण ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या सर्वसाधारण खर्चाला. एखाद्या प्रकल्पाच्या प्रत्यक्ष अंमलबजावणीवरचा खर्च 2021 च्या नियमांनी त्यातून स्पष्टपणे वगळला आहे. बेघरांच्या प्रकल्पात केसवर्करचा पगार हीच अंमलबजावणी असते.

आणि जकात देणाऱ्या माझ्या बांधवांना एक आठवण. सूरह तौबाच्या 60 व्या आयतीत जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत. फकीर आणि मिस्कीन यांच्यानंतर लगेच तिसऱ्या जागी जकातीचे काम करणारे कर्मचारी येतात. निवाऱ्यातला केसवर्कर त्यात बसतो की नाही, ते आलिमांनी सांगावे, मी फतवा देत नाही. पण काम करणाऱ्याचा मोबदला म्हणजे गरिबाच्या ताटातली चोरी, ही समजूत दीनमधून आलेली नाही, एवढे तरी नक्की. शिवाय सदका आणि इमदाद यांचा मार्ग मोकळा आहेच.

काही जण म्हणतील, 'ही तर खिदमत आहे, तिला पुरस्कार कशाला?' सरकारने शिक्षकांसाठी 1958 पासून आणि परिचारिकांसाठी 1973 पासून राष्ट्रीय पुरस्कार ठेवले आहेत. त्यामुळे कोणाची सेवा बाटली नाही. उलट त्या पेशांना इज्जत मिळाली, मुलेमुली तिकडे वळली. ज्या कामाला नाव नाही, ते काम चांगली माणसे दोन-तीन वर्षांत सोडतात. आणि केसवर्कर सोडून गेला की त्याच्यासोबत चाळीस-पन्नास माणसांचा विश्वास जातो. नव्या माणसाला पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. 'पुरस्कार दिला की पगार द्यावा लागत नाही.' कोविडमध्ये टाळ्या वाजवून आपण हेच केले होते, म्हणून हा धोका खरा आहे. त्यामुळे माझी मागणी नुसत्या सन्मानचिन्हाची नाही.

उपनगरातल्या मशिदींच्या कमिट्या, मोहल्ला मंडळे, ट्रस्ट आणि सीएसआरवाले यांनी मिळून एक वार्षिक सन्मान सुरू करावा. निवड भाषण करणाऱ्यांनी करू नये. निवाऱ्यात राहून बाहेर पडलेली माणसे आणि सोबत काम करणारे सहकारी यांनी ती करावी. किती किट वाटले हे मोजू नये. वर्षभरापूर्वी मार्गी लावलेली माणसे आज कुठे आहेत, छपराखाली आहेत का, औषध चालू आहे का, हे मोजावे. जो अवघड केस सोडत नाही, त्याचे आकडे कमी दिसतील, हेही लक्षात घ्यावे. सन्मानासोबत रोख रक्कम आणि पगारी सुट्टी असावी, कारण हे काम माणसाला आतून थकवते. रात्रपाळीच्या काळजीवाहकालाही त्यात जागा असावी. आणि एक अट. ज्या संस्थेला आपण देणगी देतो, तिच्या अंदाजपत्रकात केसवर्करच्या पगाराची ओळ आधी पाहायची. ती नसेल, तर का नाही ते विचारायचे. ती असेल, तर त्या ओळीसाठीच पैसे द्यायचे.

पालिकेकडे मागणी सरळ आहे. निवारा चालवण्याच्या करारात केसवर्करचे पद वेगळे लिहा, किती माणसांमागे एक ते ठरवा, आणि संस्था बदलली तरी अनुभवी माणूस कामावर राहील अशी तरतूद करा.

रमजानच्या आधी आपल्या मोहल्ल्यात हिशोबाची बैठक होतेच. त्या बैठकीत ब्लँकेट आणि किटच्या आकड्यांनंतर एक प्रश्न विचारा. आपल्या पैशांतून यंदा किती केसवर्करचा पगार निघाला? उत्तर शून्य आले, तर त्याच बैठकीत एकाचा तरी वर्षभराचा पगार मंजूर करून घ्या.