उशीची पिशवी

मंडळी, विषय वाचून तुम्ही म्हणाल, ह्यांना लिहायला दुसरं काही उरलं नाही की काय! पण गेले दोन महिने आमच्या घरात ह्याच एका प्रश्नाचा खल चालला होता.

त्याचं असं झालं. आमच्या आई वाईहून इथे ऑकलंडला कायमच्या राहायला आल्या, त्या क्रोशाच्या सुया घेऊनच. ओळखीच्या सगळ्यांना ताटावरचे रुमाल वाटून झाले. मग शेजारच्या गोऱ्या आजी त्यांना दर बुधवारी लेस करायला हॉलवर नेऊ लागल्या. ही लेस सुईची नव्हे. गोल, टणक उशीवर नक्षीचा कागद लावायचा, भोकाभोकांत टाचण्या टोचायच्या आणि दोरा गुंडाळलेल्या लाकडी बॉबिनच्या जोड्या एकमेकींवरून नेत पीळ घालत जायचं. युरोपात सोळाव्या शतकापासून चालत आलेलं हे काम मिशनऱ्यांच्या बायकांनी १८२० च्या सुमारास नागरकोइलच्या मुलींना शिकवलं. आईंचं इंग्रजी जेमतेम, पण तिथे 'क्रॉस' आणि 'ट्विस्ट' एवढ्या दोन शब्दांवर भागतं. बुधवारी संध्याकाळी त्या घरी येत त्या बोलतच.

पुढे त्या आजी लेकीकडे टौरंगाला गेल्या. आम्हा दोघांच्या नोकऱ्या. बस आहे, सकाळी नऊनंतर सुपरगोल्ड कार्डावर फुकटही आहे. पण वीस इंची उशी न्यायची कशात?

पहिल्यांदा आम्ही ती सुपरमार्केटच्या मोठ्या पिशवीत उभी कोंबली. हॉलवर पोचेपर्यंत तीस जोड्यांचा नुसता गुंता! त्या बॉबिनना वजनासाठी खाली मणी ओवलेले असतात, ते एकमेकांत अडकून बसले. सोडवण्यात दोन रात्री गेल्या. आई म्हणाल्या, "राहू दे आता. घरी क्रोशा काय वाईट आहे?" ह्या वाक्याने मात्र आम्ही धास्तावलो. मागचा अख्खा हिवाळा त्या खिडकीशी बसून होत्या, ते आम्ही पाहिलं होतं.

मग कॅरम बोर्डाची पिशवी काढली, तर उशी तिच्यात इकडून तिकडे फिरते. पिझ्झावाल्यांची चौकोनी पिशवी मापाला अगदी चपखल, पण आई ऐकेनात. "बसमध्ये लोक माझ्याकडे पिझ्झा मागतील!" शेवटी त्यांनीच परातीत उशी ठेवून वर चादरीची गाठ मारली. झकास! फक्त त्याला दोन्ही हात लागतात, आणि बसमध्ये एक हात दांड्याला हवाच.

खरी अक्कल दिली ती हॉलवरच्या एका जुन्या बाईंनी. आधी उशी बांधायला शिका, पिशवीचं नंतर बघा, असं त्यांचं म्हणणं. टाचण्या पूर्ण आत दाबायच्या. बॉबिन क्रमाने ओळीत लावून वरून फीत घालायची आणि फितीची दोन्ही टोकं उशीला टाचायची. मग जाड कापड घट्ट ओढून चहूबाजूंनी टाचण्या. असं केलं की उशी उभी नेली तरी बॉबिन हलत नाहीत.

मग पिशवी काय, सोपीच. जुन्या खणाचं अस्तर, बाहेरून कॅनव्हास, मागे हार्डबोर्डचा तुकडा, आत टाचण्या आणि कात्रीसाठी दोन कप्पे. बंद खालून पूर्ण फिरवून शिवलेत, म्हणजे वजनाने शिवण उसवत नाही. लांबीही बेताची ठेवली, कारण आई चार फूट दहा इंच आणि पिशवी जमिनीला लागायची.

जाता जाता सांगतो, भारतातून कोणी पेंढा भरलेली उशी आणायला निघालं असेल तर नका आणू. इथे फोमची मिळते, हलकीही असते. लाकडी बॉबिन आणलेत तर विमानतळावर न विसरता जाहीर करा. लपवलेल्या वस्तूला चारशे डॉलर दंड आहे, त्यात बॉबिनचं दुकान येईल!

परवाच्या बुधवारी आई एकट्या गेल्या. आम्ही दोघंही ऑफिसात फोनकडे बघत बसलो होतो. फोन काही आला नाही. संध्याकाळी विचारलं तर म्हणाल्या, "विसरलेच. ड्रायव्हर गुजराती निघाला, त्याने पिशवी कुठे मिळते विचारलंन्. त्याच्या आईला हवी आहे, तबल्यासाठी."